उजेडाची कड

दाढीने चित्र मागे नेलं, थांबवलं आणि पडद्यावर बोट टेकवलं.

"हे बघ, तागडी. इथे. डाव्या भिंतीतून निघालंय. चांगलं म्हशीएवढं जनावर आहे. आणि हा गडी सरळ चाललाय, जसा काही जेवण झाल्यावर शतपावलीला निघालाय."

ती खुर्ची ओढून जवळ बसली. पडद्यावर गुहा होती. पुढे एक मशालजी, मागे त्याची टोळी: एक ढालकरी, एक वैदू आणि दोन तिरंदाज. मशालीचा उजेड दोन्ही भिंतींपर्यंत पोहोचत होता. त्या उजेडात, लपूनछपून नाही, अगदी ढळढळीत, ते काळं जनावर भिंतीतून बाहेर आलं. मशालजीची मान वळली नाही. जनावराने झडप घातली, मशाल विझली आणि टोळी अंधारात ओरडायला लागली.

"पुन्हा दाखव," ती म्हणाली.

खेळ बनवणाऱ्या त्या कचेरीत तिचं काम तोलण्याचं होतं. खेळात शिरणारा प्रत्येकजण एक भूमिका घेतो. कुणी मारतो, कुणी मार झेलतो, कुणी जखमा बांधतो. एखादी भूमिका इतकी जड झाली की सगळे तीच घेतात, आणि एखादी इतकी हलकी झाली की तिच्याकडे कुणी ढुंकून बघत नाही. दोन्ही झालं तरी खेळ मोडतो. पारडी सारखी ठेवायची ती तिने, म्हणून सगळे तिला तागडी म्हणत. दाढीला दाढी का म्हणत ते सांगायला नको.

मशालजीचं पारडं बरेच दिवस वर होतं. मशालजी वार करत नाही, तो फक्त उजेड धरतो. उजेडाचं रिंगणही लहान, चटईएवढं. त्यात सगळ्यांनी एकमेकांचे पाय तुडवत चालायचं. गुहेत मशालजीशिवाय जाता येत नाही आणि मशालजी व्हायला कुणी तयार नाही, अशी गत झाली होती. तेव्हा तिने तोड काढली. रिंगण मोठं केलं. पण नुसता उजेड वाढवला तर खेळ मिळमिळीत होईल, म्हणून समोरून येणारी जनावरं तिने दोन्ही कडांनी यायला लावली. उजेड जास्त मिळाला, तर मग नजरही जास्त फिरवा. ही तोड तिची तिलाच फार आवडली होती.

"बाकीचे मशालजी खूश आहेत," दाढी म्हणाला. "घेणारे वाढले, मरणारे कमी झाले. हा एकच उलटा. पूर्वी हा मरायचाच नाही. लोक ह्याच्या टोळीत शिरायला ताटकळायचे. आता रोज मरतो. मला तर वाटतं ह्याची मशीन जुनी आहे. आज संध्याकाळपर्यंत कळवायचंय, बदल ठेवायचा की काढायचा. एका माणसासाठी काढणार नाही आपण, पण म्हटलं तुला दाखवावं."

"ह्याचंच अजून एक लाव. मरण्याच्या आधीचं."

दाढीने दुसरा तुकडा लावला. गुहेत एक पायरी आली. मशालजी थांबला, एका बाजूला झाला आणि मशाल खाली, पायांशी नेली. मागच्यांचे पाय उतरेपर्यंत ती तशीच धरून ठेवली. खेळात ह्याची काही गरज नव्हती. पायरीवरून कुणी पडत नसे.

"पायरी आहे," मशालजीचा आवाज आला. "जपून."

"जपूनकाका म्हणतात ह्याला," दाढी हसत म्हणाला. "प्रत्येक पायरीला जपून. जसं काही आपण तिकीट काढून आलोय."

ती हसली नाही.

"माझे बाबा आहेत ते," ती म्हणाली.

दाढीने दाढी खाजवली. "मग ते म्हशीचं... मी जनावराला म्हटलं हं."

बाबांनी उभा जन्म एका सिनेमागृहात काढला होता. चित्र सुरू झाल्यावर उशिरा येणाऱ्यांना अंधारातून त्यांच्या खुर्चीपर्यंत नेऊन पोहोचवायचं, हे त्यांचं काम. हातात टॉर्च. उजेड पायावर टाकायचा, तोंडावर नाही, असं ते तिला लहानपणी शिकवत, जसं काही तीही पुढे तेच करणार होती. आई तिथेच तिकीट खिडकीत बसायची. सिनेमागृह गेलं, तिथे दुकानं आली. दोघं लेकीकडे राहायला आली. दुपारी बाबांना घर खायला उठायचं, म्हणून तिनेच त्यांना हा खेळ लावून दिला. भूमिका निवडायची वेळ आली तेव्हा तलवार, धनुष्य, ढाल सगळं ओलांडून त्यांनी मशालीवर बोट ठेवलं. "हे मला येतं," एवढंच म्हणाले.

गेल्या आठवड्यात जेवताना ते तिच्यावर चिडले होते. "बिघडवलात तुम्ही लोकांनी खेळ. पूर्वी जनावर यायचं ते रीतसर समोरून यायचं. आता हवेतून टपकतात मेले." ती हसली होती. म्हणाली होती, "बाबा, कडेला बघायचं. सगळं दिसतं कडेला." आईने त्यांच्या ताटात वाढायला घेतलं होतं.

"सगळी मरणं लाव," ती दाढीला म्हणाली. "एकामागून एक."

डावीकडून. उजवीकडून. पुन्हा उजवीकडून. समोरून एकदाही नाही. समोर आलेलं प्रत्येक जनावर जपूनकाकांनी बरोब्बर आधी ओळखलं होतं.

मग तिने एक गोष्ट केली, जिच्याकडे दाढी नुसता बघत राहिला. तिने दोन्ही तळहात डोळ्यांच्या कडांना लावले आणि हळूहळू आत आणत गेली. पडद्यावरची भिंत गेली, तिरंदाज गेले, शेवटी मधे चटईएवढं रिंगण उरलं.

"आता चालू कर."

दाढीने चालू केलं. तिला मशाल दिसली, समोरची वाट दिसली, पायरी दिसली. जनावर दिसलं नाही. मशाल एकदम विझली.

तिने हात खाली घेतले. बाबांचे वडील तिला आठवले. तेही म्हातारपणी सुईत दोरा ओवून दाखवायचे आणि पोरांकडून शाबासकी घ्यायचे. आणि त्याच दिवसांत दाराच्या चौकटीला खांदा आपटून घ्यायचे. पुढे ते भिंत धरून चालायला लागले, आणि मग भिंत धरूनही चालेनासे झाले. काचबिंदू. दुखत नाही, खुपत नाही, कडेकडेने येतो. मधलं सगळं शाबूत ठेवतो, म्हणून माणसाला आपलं काही गेलंय हेच कळत नाही.

जुन्या गुहेत सगळ्यांनाच चटईएवढं दिसायचं. त्या अंधारात बाबा सगळ्यांच्या बरोबरीने होते, चार पावलं पुढेच होते.

"काय झालं?" दाढीने विचारलं.

तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं आणि उठली. खुर्ची मागे पडली ती तिने उचलली नाही.

भिंगरीची शाळा सुटायची वेळ झाली होती. भिंगरी म्हणजे तिची सहा वर्षांची मुलगी, एका जागी बसत नाही म्हणून भिंगरी. तिला शाळेतून आणायचं काम आजीआजोबांचं. बाबा गाडी चालवत, आई शेजारी बसे, भिंगरी मागे. गाडी आजोबा चालवतात आणि तोंड आजी चालवते, असं घरात म्हणायचे. सुट्टीच्या दिवशी सगळी बाहेर पडली की आईची टकळी सुरू. अहो, डावीकडे सायकल आहे. अहो, ते पोरगं उतरतंय बघा फुटपाथवरून. अहो, उजवीकडून येतोय तो, येऊ द्या त्याला. एकदा तिने मागून आईला झापलंही होतं, "आई, चालवू दे ना त्यांना! एक दिवस ते गाडीतून उतरून चालायला लागतील." तेव्हा बाबाच म्हणाले होते, "बोलू दे गं. सवय झालीय मला. गप्प बसली तर झोप येईल."

जिना उतरता उतरता तिने बाबांना फोन लावला. वाजत राहिला. मग आईचा आवाज आला.

"आई, बाबांना दे."

"ते गेले भिंगरीला आणायला. फोन विसरले इथेच."

"तू नाही गेलीस?"

"सकाळी बाथरूममध्ये पाय मुरगळला ना माझा. टेकवत नाही खाली. मी म्हटलं, शेजारच्यांना सांगू, चालत जाऊन आणू. ऐकतात का? म्हणाले, रोजचा रस्ता आहे." आई थांबली. "का गं?"

रस्त्यावर येऊन ती टॅक्सीला हात करत होती. पलीकडे आईचा श्वास ऐकू येत होता. आई फोनवर कधी गप्प बसत नसे.

"तू जातेस का गं?" आई हलक्या आवाजात म्हणाली. "लगेच जा. माझं ऐक, लगेच जा."

टॅक्सीत बसल्यावर तिने शाळेला फोन लावला. शाळा सुटताना तिथे कुणीच फोन उचलत नाही हे तिला ठाऊक होतं, तरी ती लावत राहिली.

"ताई, सिग्नल माझ्या सासऱ्याचा नाही," टॅक्सीवाला आरशातून बघत म्हणाला. "तुम्ही सीट दाबून गाडी पळणार नाही."

तिच्या लक्षात आलं की तिने पुढची सीट दोन्ही हातांनी आवळून धरली होती. तिने हात काढले. ते कुठे ठेवावेत ते तिला कळेना.

आईचं बोलणं तिच्या कानात सुरू होतं. डावीकडे सायकल. उजवीकडून येतोय. बाई थांबलीय कडेला. इतक्या दिवसांत आई समोरच्या गाडीबद्दल एकदा तरी काही बोलली होती का, ते ती आठवून बघत होती. समोरच्या सिग्नलबद्दल? समोरच्या खड्ड्याबद्दल? तिला एकही वेळ आठवेना.

सिग्नल पडलेला होता. तिने नजर समोरच्या लाल दिव्यावर रोवली आणि उजवा हात कानाजवळ आणून बोटं हलवली. दिसली. हात थोडा मागे नेला. अजून दिसत होती, की दिसत आहेत असं वाटत होतं? टॅक्सीवाला आरशातून बघतच होता. तिने हात मांडीवर ठेवला.

मोठ्या चौकात गर्दी होती. माणसं रस्त्याच्या मधोमध गोल करून उभी होती, मागे गाड्यांची रांग लागली होती. गर्दीच्या फटीतून काहीतरी निळं दिसत होतं. बाबांची गाडी निळी होती.

"थांबवा," ती म्हणाली.

"इथे कुठे थांबवू?"

तिने दार उघडलंच. टॅक्सीवाला ओरडला, मागून कुणीतरी हॉर्न वाजवला. ती धावत गेली आणि माणसांच्या खांद्यांमधून आत घुसली. एका टेम्पोतून निळी पिंपं पडली होती. पाणी सगळीकडे वाहत होतं, आणि टेम्पोवाला कंबरेवर हात ठेवून बघणाऱ्यांना सांगत होता, "बघताय काय, सत्यनारायण आहे का? उचलायला लागा की!"

ती परत येऊन बसली. तिचे बूट भिजले होते.

"तुमचं कोण होतं का?" टॅक्सीवाल्याने विचारलं. त्याचा आवाज बदलला होता.

"नाही," ती म्हणाली. "चला."

पुढचे दोन सिग्नल त्याने पिवळ्यातच काढले.

शाळेची गल्ली रिकामी होती. फाटक बंद झालं होतं. भिंतीला लागून निळी गाडी उभी होती, एक चाक फुटपाथवर चढलेलं. मागचं दार उघडं होतं आणि आत कुणी नव्हतं. मागच्या सीटवर भिंगरीचा डबा होता.

तिने गाडीला वळसा घातला. डावीकडचा आरसा मोडून वायरीवर लोंबत होता. काच फुटली होती. आरशाच्या कोपऱ्यात लाल लोकरीचा एक धागा अडकला होता, चांगला वीतभर. तिने तो ओढून काढला. तिने भिंगरीला सकाळी काय घालून पाठवलं होतं? पिवळं. पिवळाच स्वेटर. तिला खात्री होती. तिला अजिबात खात्री नव्हती.

"बारा!" कुणीतरी ओरडलं. "आजोबा, तुम्ही बघतच नाही आहात! मी बाराव्यांदा उडी मारली!"

फाटकाच्या पुढे, भिंत वळते तिथे, शाळेच्या बाजूच्या दाराशी चार पायऱ्या होत्या. सगळ्यांत वरच्या पायरीवरून पिवळा स्वेटर हवेत उडाला आणि खाली आला. बाबा सगळ्यांत खालच्या पायरीवर बसले होते. त्यांचे दोन्ही हात गुडघ्यांवर होते, आणि गाडीची किल्ली एका हातात होती.

ती जवळ गेली. त्यांच्या अगदी बाजूला पोहोचली तरी बाबा समोर बघत होते.

"आई!" भिंगरी ओरडली.

बाबा दचकले. मग त्यांनी मान पूर्ण वळवली आणि तिच्याकडे बघितलं. त्यांचं तोंड पांढरंफटक पडलं होतं.

"अगं, तू कशी इथे?"

"काम लवकर संपलं," ती म्हणाली. लाल धागा तिने मुठीत धरला होता. "तुम्ही बसलात का असे?"

"गाडी चालू होत नाहीये. मघापासून खटपट करतोय."

"आजोबांनी चालू करूनच नाही बघितली," भिंगरी म्हणाली. "नुसते बसले आत. मग म्हणाले, चल उतर, आपण पायऱ्या खेळू."

"तू गप गं, चोंबडे."

तिने हात पुढे केला. बाबांनी किल्ली दिली. किल्ली गरम झाली होती, ओली झाली होती. तिने भिंगरीला मागे बसवलं, पट्टा लावला, तो दोनदा ओढून बघितला. बाबा दुसरीकडच्या दाराने, आईच्या जागेवर येऊन बसले. बसताना डोकं वरच्या कडेला लागलं. त्यांनी ते चोळलं नाही.

तिने किल्ली फिरवली. गाडी पहिल्याच झटक्याला चालू झाली.

इंजिन घुरघुरत राहिलं. दोघांनीही समोर बघितलं.

"आत्ता बरी चालू झाली," बाबा म्हणाले.

"जुनी झालीय," ती म्हणाली. "असंच होतं जुन्या गाडीचं."

"हो."

"आणि आरसा?"

"उभी होती तेव्हा कुणीतरी घासून गेलं असेल."

रस्ताभर ती फार हळू चालवत होती. मागचे हॉर्न वाजवत होते. बाबा आईच्या जागेवर हात जुळवून बसले होते. डावीकडून एक मुलगा सायकल दामटत अगदी खिडकीला घासून गेला, इतका जवळून की तिने ब्रेक दाबला. बाबांनी दचकून तिच्याकडे बघितलं. "काय झालं?" त्यांनी विचारलं.

"काही नाही," ती म्हणाली.

घरी आई दारातच उभी होती, एका पायावर, चौकटीला धरून. तिने आधी भिंगरीला बघितलं, मग बाबांना. मग ती तिथेच खाली बसली आणि चप्पल शोधत असल्यासारखं करायला लागली.

बाबा आत त्यांच्या खोलीत गेले. थोड्या वेळाने खेळ सुरू झाल्याचा आवाज आला. भिंगरी बाहेरच्या खोलीत चित्र काढायला बसली. तागडीने आईला धरून स्वयंपाकघरात नेलं आणि दार लोटलं.

"किती दिवस झाले?" तिने विचारलं.

आईने मुरगळलेला पाय स्टुलावर ठेवला. "डॉक्टरांना दाखवलंय. थेंब चालू आहेत. गेलेलं परत येत नाही म्हणाले. राहिलंय ते राखायचं."

"किती दिवस झाले, आई?"

"भिंगरी पहिलीत गेली तेव्हापासून."

"थेंब कुठे ठेवतेस? मला कधी दिसले नाहीत."

"फ्रिजमध्ये. लोणी असतं त्या डब्यात."

तिने ओट्याला पाठ टेकली. तिचा आवाज चढला नाही, उलट इतका खाली गेला की आईला पुढे वाकावं लागलं.

"माझी पोर मागे बसलेली असायची, आई."

"मी असायचे ना शेजारी. एक दिवस चुकवला नाही. ताप असताना गेले. डोळ्यांत तेल घालून बसायचे मी. पुढचं ते बघायचे, कडेचं मी बघायचे. दोघं मिळून एक ड्रायव्हर होतो की नाही आम्ही?" आई थांबली. आपण काय बोललो ते तिलाच ऐकू आलं असावं. "मला वाटलं, होतो."

"मला सांगायचं."

"सांगून काय करणार होतीस? गाडी काढून घेतली असतीस. घ्यायलाच हवी होती, नाही म्हणत नाही मी. पण मग ते म्हणायचे, भिंगरीला आणणं हे एकच काम आहे आपल्याकडे ह्या घरात. तेही गेलं तर आपण इथे काय म्हणून राहायचं? पाहुणे किती दिवस राहतात?"

तिने फ्रिज उघडला, लोण्याचा डबा काढला आणि झाकण उघडलं. आत बोटाएवढी बाटली होती, कागदात गुंडाळलेली.

"दे इकडे," आई म्हणाली. "वेळ झालीय त्यांची. मी जाते. तू नको येऊस आत्ता. तुझं तोंड बघितलं तर ओळखतील."

आई भिंतीला धरून, लंगडत गेली. जाताना तिने जेवणाच्या टेबलाची एक खुर्ची दुसऱ्या हाताने मागे ओढत नेली.

तागडीचा फोन थरथरला. दाढी होता. "सगळे मशालजी खूश. बदल ठेवायचा ना? आणि जपूनकाकांचं काय करायचं?" ती बराच वेळ त्या अक्षरांकडे बघत राहिली. मग तिने लिहिलं, "ठेव." आणखी काहीतरी लिहायला घेतलं, ते पुसलं.

खुर्चीचा आवाज थांबला होता. ती दबक्या पायांनी बाबांच्या खोलीशी गेली. तिला कठोर बोलायचं होतं. तिने वाक्यं जुळवली होती: आजपासून गाडीला हात लावायचा नाही, उद्या मी स्वतः डॉक्टरांकडे येणार. दार त्यांच्या टेबलाच्या उजव्या अंगाला होतं आणि सताड उघडं होतं. ती आत शिरली आणि कपाटाशी उभी राहिली. खिडकीतून ऊन येत होतं. हात लांब केला असता तर बाबांचा खांदा लागला असता.

बाबा पडद्याकडे बघत होते. आई डावीकडे खुर्ची टाकून बसली होती. थेंब घालून झाले होते, बाबांच्या गालावर एक ओघळ होता. पडद्यावर गुहा होती.

"ते हिरवं काय येतंय डावीकडून?" आई म्हणाली.

"झुडूप आहे ते."

"झुडूप चालतं का?"

बाबांनी मशाल डावीकडे वळवली. टोळीतल्या कुणीतरी ओरडून सांगितलं, "वा, काका! आज दिसलं की!" तिरंदाजांनी बाण सोडले. हिरवं काहीतरी कोसळलं.

"पुढे चला," आई म्हणाली. "उजवीकडे काही नाही."

बाबा पुढे गेले नाहीत. मशालजी गुहेत नुसता उभा राहिला.

"सायकलवर होती," ते म्हणाले. "लाल शाल होती अंगावर. म्हणजे पडल्यावर दिसली मला शाल. आधी काहीच नव्हतं गं तिथे. रस्ता रिकामा होता. मी देवाशपथ सांगतो, रिकामा होता." त्यांनी गाल पुसला. "उठली ती. उठून अशा शिव्या घातल्या मला, आईबाप काढले माझे. एवढ्या शिव्या कधी खाल्ल्या नव्हत्या. आणि मला इतकं बरं वाटत होतं. म्हटलं, दे बाई, अजून दे. म्हणजे जिवंत आहेस."

आईने मान वर केली होती. बाबांच्या डोक्यावरून ती कपाटाकडे बघत होती.

"आता नाही चालवणार मी," बाबा म्हणाले. "गाडी जुनी झालीय, लेक स्वतःच म्हणाली. विकून टाकू म्हणावं. भिंगरीला आपण चालत आणू. मी पायऱ्या बघतो, तू गाड्या बघ."

"बरं."

"पण पोरीला कळू द्यायचं नाही हं. घाबरेल ती. आधीच कामाने वाळलीय." त्यांनी आईचा हात चाचपला. "सांगू नकोस तिला. शपथ घे."

आईची नजर हलली नाही.

"नाही सांगत," आई म्हणाली.

ती एक पाऊल मागे सरकली, मग आणखी एक. दारातून बाहेर आली. बाहेरच्या खोलीत जाऊन तिने लाल धागा पर्समध्ये टाकला, तोंडावरून हात फिरवला आणि दाराशी पडलेल्या बाबांच्या चपला पायात सरकवल्या. मोठ्या होत्या. त्या फटक फटक वाजवत, मुद्दाम जमिनीवर घासत, ती पुन्हा त्या खोलीशी आली.

बाबांनी मान पूर्ण वळवली.

"काय गं?" ते हसले. "केव्हा आलीस?"

"आत्ताच," ती म्हणाली.